चाक वरच्यांचं, दिवा खालच्यांचा

नगरभवनातून फोन आला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते आणि झेंडा कटिंगच्या टेबलावर पालथा पडला होता. धाकटी त्याच्या मागच्या बाजूचे लोंबते धागे कापत होती आणि कापता कापता शीळ वाजवत होती. कारखान्यात शीळ वाजवायला आत्याची सक्त मनाई होती, कारण टाका सुटला की नाही हे आत्या यंत्राच्या आवाजावरून ओळखायची. पण आज आत्याही काही बोलली नव्हती. आज धाकटी टेबलावर चढून नाचली असती तरी आत्याने “कापडावर पाय नको” एवढंच म्हटलं असतं.

कारणही तसंच होतं. तीन पिढ्या या घराने दुसऱ्यांचे झेंडे शिवले. शाळांचे शिवले, बोटींचे शिवले, फुटबॉलच्या संघांचे शिवले. एका गृहस्थाने आपल्या गच्चीचं स्वतंत्र राज्य जाहीर केलं, त्याचाही शिवला. पण चित्र गिऱ्हाइकाने आणायचं आणि आपण फक्त कापायचं-शिवायचं, हा घरचा रिवाज. गेली सात वर्षं धाकटीची कात्री दुसऱ्यांनी मारलेल्या रेघांवरून चालली होती. आज चार वाजता नव्या पुलावर चढणारा शहराचा झेंडा हा पहिला, ज्याची रेघही तिचीच. एकशे बारा चित्रांतून निवडलेली.

निळं कापड, त्यावर आठ आऱ्यांचं पांढरं चाक, आणि चाकाच्या बरोबर मधोमध पिवळा दिवा. चाक ही वरच्यांची खूण, म्हणजे टेकडीच्या काठावर राहणाऱ्यांची. दिवा खालच्यांचा, म्हणजे नदीलगतच्या वस्तीचा. दोन काठ, दोन प्रार्थनाघरं, मधून पूल. चाकात दिवा. धाकटीला ही कल्पना सुचली तेव्हा ती दात घासत होती आणि तिने चूळ न भरताच कागद शोधला होता.

फोन दादाने घेतला. दादाला सवय होती की पलीकडचा जे बोलेल ते प्रश्न करून मोठ्याने परत म्हणायचं. त्यामुळे त्याचे फोन घरात सगळ्यांनाच येत.

“हरकत?” दादा म्हणाला. “दोन हरकती? लेखी? दोन्ही प्रार्थनाघरांकडून?”

शीळ थांबली.

“तीनपर्यंत दोघांच्या संमतीच्या सह्या? नाहीतर पूल बिनझेंड्याचा उघडणार? आणि चित्राची निवड रद्द? पुढच्या वर्षी समिती? समिती नेमण्यासाठी आधी एक समिती?” दादाने फोनवर हात ठेवला आणि उगाचच खुलासा केला, “हरकत आलीय.”

“सही कोणाची आहे ते विचार,” वहिनी म्हणाली. ती खिडकीशी बसून झेंड्याच्या दोरीसाठी पितळी कड्या ठोकत होती.

दादाने विचारलं. उत्तर ऐकून त्याने पहिल्यांदाच ते परत म्हटलं नाही. नुसताच वहिनीकडे बघत राहिला.

“बाबा?” वहिनी म्हणाली.

दादाने मान हलवली. वहिनीचे वडील दातांचे डॉक्टर होते आणि वरच्या प्रार्थनाघराचे सचिव.

“आणि खालच्यांकडून?” धाकटीने विचारलं.

“मामा.”

मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. पोहण्याचे मास्तर, आणि खालच्या प्रार्थनाघराचे अध्यक्ष. म्हणजे आख्ख्या शहरात झेंड्याला हरकत घेणारी माणसं दोन, आणि दोन्ही याच घराच्या लग्नाच्या फोटोत, पहिल्या रांगेत.

“बरं झालं,” आत्या यंत्र न थांबवता म्हणाली. “परके असते तर शोधत फिरावं लागलं असतं.”

वहिनीने वडिलांना फोन लावला. “बाबा, आत्ताच्या आत्ता या. नाही, दात नाही. झेंडा.” धाकटीने मामाला लावला. धाकटीचे आई आणि बाबा सकाळपासून पुलावर होते, झेंड्याच्या काठीची कप्पी नीट फिरते की नाही ते बघायला. त्यांना कळवायचं नाही, असं एकमताने ठरलं, कारण बाबा त्या वेळी काठीच्या टोकावर होते आणि बाबांना राग आला की ते दोन्ही हात वर करतात.

साडेबाराला दोघंही हजर झाले. मामांचे केस ओले होते आणि गळ्यात शिट्टी होती. डॉक्टर पांढऱ्या डगल्यातच आले होते.

“एकाचा जबडा बधिर करून आलोय,” डॉक्टर म्हणाले. “चाळीस मिनिटं आहेत. बोला.”

दादाने झेंडा सुलटा केला. तो देखणा होता, हे दोन्ही म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर दिसलं आणि दोघांनीही ते लगेच झाकलं.

“चाकाला माझी हरकत नाही,” डॉक्टर म्हणाले. “चाक आमचंच आहे. पण चाकाच्या पोटात दिवा कशाला?”

“दिव्याला माझीही हरकत नाही,” मामा म्हणाले. तलावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं अशा आवाजात ते सगळंच म्हणत. “पण दिव्याभोवती कुंपण कशाला?”

“कुंपण?”

“मग काय? आठ गज आहेत, भोवती कडं आहे. दिवा कोंडलाय तुमच्यात.”

“मामा,” धाकटी म्हणाली, “कोंडला नाही हो. एकत्र आहेत. पूल आहे ना? दोन काठ जोडले.”

“पोरी, पूल दोन काठांच्या मध्ये असतो. एका काठाला दुसऱ्याच्या पोटात घालत नाही.”

मुद्दा चांगला होता, याचाच धाकटीला जास्त राग आला.

“तुम्हाला चाकाचा अर्थ तरी माहीत आहे का?” डॉक्टर मामांना म्हणाले, आणि सवयीप्रमाणे उत्तराची वाट पाहिली नाही. समोरच्याच्या तोंडात अवजारं असताना प्रश्न विचारण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. “चाक अनादी आहे. आठ आरे म्हणजे आठ निश्चय.”

“कोणते?”

डॉक्टरांनी बोटांवर मोजले. सातव्याला थांबले.

“आठवा?” मामा म्हणाले.

“आठवा गूढ आहे.”

“बाबा, आठवा ‘कमी बोलणे’,” वहिनी म्हणाली.

दादाला राहवेना. लग्न झाल्यापासून त्याच्या मनात एक शंका होती आणि सहा वर्षांत विचारायला योग्य वेळ आली नव्हती. आजही आलेली नव्हती, पण त्याने विचारलं. “त्या आऱ्यांची टोकं चाकाच्या बाहेर का येतात? म्हणजे, असं चाक चालेल कसं? खडखड करेल.”

“ते श्रद्धेचं चाक आहे, जावईबापू. सायकलचं नाही.”

मामा मोठ्याने हसले, तसे डॉक्टर त्यांच्याकडे वळले. “तुम्ही कसले हसता? आयुष्य पाण्यात, आणि खूण काय, तर दिवा! मासा असता तर समजू शकलो असतो.”

“दिवा वाट दाखवतो. आमच्या आजोबांच्या आजोबांपासून दिवा आहे.”

आत्याचं यंत्र क्षणभर अडखळलं आणि पुन्हा सुरू झालं. कोणाच्या लक्षात आलं नाही. धाकटीच्या आलं, पण तिला वाटलं धागा तुटला.

मग तोडगे निघू लागले. दादा तोडगे काढण्यात वाकबगार होता; त्यातला एकही आजवर चालला नव्हता, पण त्याचा उत्साह कधी कमी झाला नाही. चाक आणि दिवा शेजारी शेजारी ठेवू, तो म्हणाला. मग काठीकडची बाजू कोणाला, कारण काठीकडची बाजू मानाची. वर-खाली ठेवू. त्यावर मामांनी दादाकडे असं पाहिलं की दादाने स्वतःच तो तोडगा मागे घेतला. एका बाजूला चाक, पाठीमागे दिवा?

“वर्षातले नऊ महिने वारा तुमच्याकडून आमच्याकडे वाहतो,” मामा म्हणाले. “म्हणजे पुलावरून येणाऱ्याला कायम तुमचीच बाजू दिसणार.”

“वारा काय मी सोडतो?” डॉक्टर म्हणाले.

“मग बदक घ्या,” दादा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

“नाही, म्हणजे विचार करा ना. नदीत बदकं आहेत. टेकडीवरच्या तळ्यातही आहेत. बदकाच्या नावाने कोणी कधी भांडलंय?”

“बदक?” डॉक्टर म्हणाले.

“शहराच्या झेंड्यावर बदक?” मामा म्हणाले.

“अहो, मास्तर, सांगा जरा याला.”

“डॉक्टर, तुमचाच जावई आहे.”

“तुमचाच भाचा आहे.”

सहा वर्षांत पहिल्यांदाच दोघं एका बाजूला उभे होते, आणि समोर बदक होतं. धाकटीला वाटलं, हीच वेळ, आत्ताच संमतीचा कागद पुढे करावा. पण वहिनी म्हणाली, “बदक काही वाईट नाही हं,” आणि तो क्षण निघून गेला.

“आज ठेवा बदक,” धाकटी म्हणाली. “पन्नास वर्षांनी बदकाचंही प्रार्थनाघर निघेल आणि आपली नातवंडं याच टेबलाशी भांडत बसतील.”

“हे बघ बाळ,” डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुझं काम सुरेख आहे. टाके तर फारच सुरेख. पण शेवटी तुम्ही शिवणारी माणसं. अर्थाचं आमच्यावर सोडा.”

वहिनीने हातातली हातोडी खाली ठेवली. “तुम्ही शिवणारी माणसं म्हणजे मी पण, बाबा.”

“तसं नाही म्हणायचं मला—”

“तसंच म्हणालात.” तिने आपली खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि धाकटीच्या शेजारी आणून आदळली. “आता बोला. या बाजूने ऐकते.”

डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी घड्याळ पाहिलं. “अठरा मिनिटं राहिली. मला वाटतं, आपण इथेच थांबू. हरकत कायम. वाईट वाटतं, पण कायम.”

“माझीही,” मामा म्हणाले. त्यांनी भाचीकडे पाहायचं टाळलं.

धाकटीने झेंड्यावर तळहात ठेवला. सात वर्षं. तिला ओरडायचं होतं. आणि तेवढ्यात खोलीतला आवाजच बंद झाला, कारण आत्याने यंत्र थांबवलं होतं. आत्याचं यंत्र दिवसा कधी थांबत नसे. आजोबा गेले त्या दिवशीसुद्धा ते अर्धाच तास बंद होतं.

“गठ्ठे मी बदलले,” आत्या म्हणाली.

“कसले गठ्ठे?” दादा म्हणाला.

आत्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. “पंचावन्न वर्षं झाली. मी अकराची होते. टेकडीवरचं प्रार्थनाघर तेव्हा नवं बांधून झालं होतं. त्यांनी झेंडे सांगितले. आणि नदीत माणसांची ने-आण करणारी फेरीबोट चालायची, त्या फेरीवाल्यानेही त्याच आठवड्यात सांगितले. दोन्ही निळ्या कापडावर. गठ्ठे पोचवणाऱ्याला वाचता येत नव्हतं, म्हणून अण्णांनी, म्हणजे तुमच्या आजोबांनी, दोऱ्या ठरवून दिल्या होत्या. लाल दोरी टेकडीला, हिरवी दोरी नदीला. बांधायचं काम माझं.”

“मग?”

“लाल दोरी फार छान होती,” आत्या म्हणाली. “रेशमी. मी ती वेणीला बांधली.”

डॉक्टर घड्याळ बघायचं विसरले.

“टेकडीचा गठ्ठा मग हिरव्या दोरीने बांधून टाकला. म्हटलं, नंतर बदलू. मग अण्णांनी माझी वेणी बघितली, ओरडले, मी घाबरून दोरी सोडली आणि जो गठ्ठा बिनबांधलेला राहिला होता त्याला लावली. तो फेरीचा होता.”

“म्हणजे,” धाकटी सावकाश म्हणाली, “फेरीचे झेंडे टेकडीवर गेले?”

“आणि टेकडीचे फेरीला. तुमचं चाक, डॉक्टर, ते बोटीच्या सुकाणूचं चाक आहे. ती टोकं बाहेर आलीत ना, ती खलाशाने धरायच्या मुठी आहेत.”

दादाने टेबलावर हात आपटला. “तरी मी म्हणत होतो!”

“मलाही कायम वाटायचं,” मामा पुटपुटले, आणि ते पुटपुटू शकतात हे घरात प्रथमच कळलं, “की हे कुठेतरी पाहिलंय.”

“आणि दिवा,” आत्या मामांकडे वळली, “टेकडीवाल्यांनी सांगितलेला. फेरीवाल्याला वाटलं, अण्णांनी स्वतःहून काहीतरी चांगलं सुचवलंय. त्याने लावून टाकला. तुमचं प्रार्थनाघर तेव्हा नदीतल्या बेटावर होतं. सगळी वस्ती दर आठवड्याला त्या दिव्याखाली बसून जायची. दहा वर्षांत दिवा तुमचा झाला. फेरी बंद पडली तेव्हा तुम्हीच तो मागून नेलात.”

“पुरावा?” डॉक्टर म्हणाले.

आत्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे कापडावर आकार आखायचे पत्र्याचे साचे खिळ्यांना ओळीने टांगलेले होते. धाकटी स्टुलावर चढली. चाकाचा साचा आणि दिव्याचा साचा तिने आयुष्यभर समोरून पाहिले होते. पाठ कधी बघितली नव्हती, कारण पत्र्याच्या पाठीत कोण काय बघणार. तिने दोन्ही काढले आणि उलटे करून टेबलावर ठेवले. आजोबांच्या वळणदार अक्षरात, तपकिरी रंगाने, चाकाच्या पाठीवर लिहिलं होतं: फेरी, सुकाणू. दिव्याच्या पाठीवर: टेकडी.

“पण वरच्यांना त्याच दिवशी कळलं नाही?” वहिनीने विचारलं.

“कळणार कसं? सगळे जमलेले, दोरी ओढली, झेंडा उलगडला आणि चाक निघालं. धर्मगुरू तेव्हा नवे होते, बोट त्यांनी जवळून पाहिलीच नव्हती. त्यांनी वर बघितलं, थोडा वेळ गप्प बसले, आणि मग चाकावर तासभर बोलले. लोक म्हणतात, तसं ते परत कधी बोलले नाहीत. अण्णा तीन दिवस दाराला आतून कडी लावून बसले होते, आता येतील आणि आपल्याला फोडून काढतील म्हणून. चौथ्या दिवशी टेकडीवरून माणूस आला. म्हणाला, असेच आणखी वीस.”

धाकटीला हसू फुटलं. तिला आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली, आणि हसता हसता तिला कळलं की ती सुटली. संपलं भांडण! चाक वरच्यांचं नाही, दिवा खालच्यांचा नाही. सगळा एका मुलीच्या वेणीचा खेळ. आता हरकत घेणार कशावर? तिने संमतीचा कागद ओढला, पेन उघडलं आणि वर पाहिलं.

डॉक्टर खाली बसले होते.

“त्या दिवशी मी होतो तिथे,” ते म्हणाले. “सात वर्षांचा. वडिलांच्या खांद्यावर. झेंडा उलगडला तसे ते थरथरले, मला खालून जाणवलं. ते रडत होते. आयुष्यात एकदाच मी त्यांना रडताना पाहिलं.” त्यांनी साच्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. “सुकाणू असेल. तुमच्या गठ्ठ्यात असेपर्यंत ते सुकाणू होतं, आत्याबाई. पण माझे वडील काही सुकाणूकडे बघून रडले नव्हते.”

मामा शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. “पूर आला तेव्हा मी नऊ वर्षांचा. दोन दिवस आम्ही कौलांवर. पावसात काही दिसत नव्हतं. आधी झेंडा दिसला. नंतर त्याच्या खालची बोट. आईने बोट पाहिलीच नाही, ती झेंड्यालाच हात जोडत होती.”

धाकटीने पेन मिटलं. तिचं हसू तिलाच टोचायला लागलं. आत्याने सांगितलेलं खरं होतं, शंभर टक्के खरं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. या दोघांच्या खुणा त्या गठ्ठ्यांतून निघून केव्हाच पुढे गेल्या होत्या. गठ्ठे परत अदलाबदल करून त्या काही मागे येणार नव्हत्या.

तिने खणातून टाके उसवायची छोटी सुरी काढली.

“काय करतेस?” वहिनी म्हणाली.

“दोन्ही काढते. नुसतं निळं कापड राहील. नुसत्या निळ्याला कोणी काही म्हणणार नाही.”

“अगं, पण मग त्यात तुझं काय उरलं?”

“निळा मीच निवडलाय,” धाकटी म्हणाली. तिने दिव्याच्या ज्योतीच्या टोकाला, पहिल्या टाक्याखाली, पातं सरकवलं. पहिलं टोक तिने कालच पहाटे पक्कं केलं होतं, तीनदा.

“थांब,” डॉक्टर म्हणाले.

पातं थांबलं.

डॉक्टर उठून उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण चमक पसरत चालली होती, अगदी मागच्या दाढेतली कीड सापडल्यासारखी. “आत्याबाई, एक सांगा. दिवा मुळात कोणी सांगितला होता?”

“तुम्ही. म्हणजे टेकडीवाल्यांनी.”

“म्हणजे दिवा मुळात आमचा.”

“ओ, डॉक्टर—” मामा म्हणाले.

“लिहिलेलं आहे! पाठीवर! टेकडी! म्हणजे चाक तर आमचं आहेच, पंचावन्न वर्षं वागवलंय. आणि दिवा आमच्या वडीलधाऱ्यांनीच पसंत केलेला. दोन्ही आमचं!” त्यांनी झेंड्याकडे पाहिलं, जणू आत्ताच पहिल्यांदा पाहत होते. “अरे, हा तर संपूर्ण आमचाच झेंडा आहे.”

मामा तोंड उघडून उभे होते. डॉक्टरांच्या समोर माणसं तशी उभी राहतातच. पण मग मामांचंही तोंड सावकाश मिटलं आणि त्याच्या दोन्ही कडा वर गेल्या.

“एक मिनिट,” मामा म्हणाले. “सुकाणू कुठलं?”

“फेरीचं,” आत्या म्हणाली.

“फेरी कुठली? नदीची! नदी कोणाची? आयुष्यात एक तरी वरचा त्या फेरीत बसला होता का? म्हणजे सुकाणू आमचं. आणि दिवा तर पुरापासून आमचाच. दोन्ही आमचं!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “पोरी, कुंपण-बिंपण काही नाही हे. हे आमचंच सुकाणू आणि त्यात आमचाच दिवा. काय झकास काम केलंस!”

दादा काहीतरी बोलायला निघाला. वहिनीने त्याच्या पायावर पाय ठेवला.

दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत होते. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याच्या अजून नीट ध्यानात आलेलं नाही आणि ते यायच्या आत काम उरकलं पाहिजे.

“माझी काही हरकत राहिली नाही,” डॉक्टर घाईने म्हणाले. “तुमची असेल तर बघा.”

“माझी? छे! मी तर आधीपासून म्हणत होतो.”

“पेन कुठे आहे?”

“आधी मी. माझ्या पोरांचा सराव आहे.”

“माझ्या पेशंटचा जबडा जागा होतोय!”

पेन एकच होतं. दोघांनी ते एकदमच धरलं, आणि क्षणभर असं वाटलं की आता भांडण पेनावरून सुरू होणार. शेवटी डॉक्टरांनी सही केली, मामांनी त्यांच्या सहीहून अर्धा इंच मोठी केली, डॉक्टरांनी आपल्या सहीखाली एक रेघ ओढली, मामांनी दोन.

“फक्त,” डॉक्टर दारातून वळून म्हणाले, “ही दोऱ्यांची गोष्ट या खोलीबाहेर जायला नको.”

“अजिबात नको,” मामा म्हणाले. “लोकांचे उगाच गैरसमज होतात.”

“पंचावन्न वर्षं पोटात ठेवली,” आत्या म्हणाली. “अजून थोडी ठेवेन.” आणि तिने यंत्र सुरू केलं.

दार लागलं तशी धाकटी वहिनीच्या गळ्यात पडली. दादा कागद घेऊन पळाला, जिन्यावरून परत आला, कारण तो कागदाऐवजी बाहीचा कागदी नमुना घेऊन चालला होता, आणि पुन्हा पळाला. वहिनीने उरलेल्या दोन कड्या चार ठोक्यांत बसवल्या. ज्योतीचा तो एक टाका अर्धा कापला गेला होता. धाकटीने सुई ओवली. तिसऱ्या खेपेला धागा गेला, आणि तिने तो टाका पुन्हा घातला.

चार वाजायला पाच मिनिटं असताना पुलाच्या दोन्ही टोकांकडून माणसं आली. वरचे वरून आले, खालचे खालून, आणि मध्यावर कठड्याला टेकून गर्दी झाली. बाबांनी कप्पीला तेल घातलं होतं; आई दोरी धरून उभी होती आणि तिने धाकटीला बोलावून दोरी तिच्या हातात दिली. कोणाला विचारलं नाही, कोणी विचारलंही नाही.

धाकटीने ओढली. कापड आधी जड लागलं, मग वाऱ्याने ते तिच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं. निळं फडफडलं, गुंडाळलं, आणि एकदम ताठ उलगडलं.

गर्दीतून एक आवाज निघाला. तो ओरडा नव्हता, शंभर-दीडशे माणसांनी एकदम श्वास घेतल्याचा आवाज होता. डावीकडे टेकडीवरच्या बायका एकमेकींना कोपर मारून चाक दाखवत होत्या. त्यांच्या पुढे डॉक्टर ताठ उभे होते आणि आजूबाजूच्यांना हळूच सांगत होते, “दिवा पण आपलाच. नंतर सांगेन.” उजवीकडे मामा हळू सांगण्याचा प्रयत्न करत होते, त्यामुळे ते सगळ्या पुलाला ऐकू आलं: “चाकसुद्धा आपलंच! कारण विचारू नका!”

धाकटी मान वर करून बघत राहिली. मानेला रग लागली तरी तिला खाली बघवेना. तिची रेघ वर होती, वाऱ्यात वळत होती, आणि तिच्या खाली जेवढी माणसं होती तेवढी सगळी त्या रेघेला आपलीच समजून बघत होती. तिला क्षणभर हेवा वाटला, मग हेव्याची जागा कशाने घेतली ते तिला कळलं नाही, पण ती मोठ्याने हसत होती आणि आई तिचा दंड धरून “वेडी की काय” म्हणत होती.

नगरभवनातला कारकून गर्दीतून वाट काढत आला. त्याच्या बगलेत जाड नोंदवही होती. त्याने ती कठड्यावर उघडली.

“पटकन सांगा, शाई वाळते. लांबी-रुंदी झाली. रंग झाला. झेंडा करणाऱ्याचं नाव झालं.” तिचं नाव लिहिलेलं होतं, थोडं वाकडं, पण तिचंच. “आता शेवटचा रकाना. चिन्हाचा अर्थ.”

डावीकडून डॉक्टर एक पाऊल पुढे सरकले. उजवीकडून मामा सरकले. दोघांनी कान टवकारले. मागून वरच्या बायका थांबल्या, खालचे पुरुष थांबले, आणि बाबासुद्धा काठीवरून उतरता उतरता मध्येच थांबले.

धाकटीने पुन्हा एकदा वर बघितलं.

“जागा सोडा,” ती म्हणाली.

“किती?”

“भरपूर सोडा.”

कारकुनाने तिच्याकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं, मामांकडे बघितलं. मग त्याने तो रकाना कोरा ठेवून पान उलटलं, आणि विचार करून पुढचंही पान कोरं सोडलं.